जरा 'आ' करा

आमच्या घराण्यात आजपर्यंत डॉक्टर कुणी झालं नाही. पेशंट मात्र एकापेक्षा एक झाले. आजोबा मधुमेहाचे, वडील दम्याचे. काका तर एका रोगाला चिकटून न राहता दर पावसाळ्यात नवीन काहीतरी करून पाहायचे. त्यामुळे इंग्लंडमधल्या आमच्या नातीने 'मी दातांची डॉक्टर होणार' असं जाहीर केलं, तेव्हा शहापूरच्या आमच्या ओसरीवर जो आनंद झाला त्यात सुटकेचाही भाग होता. घराण्यातलं एक माणूस तरी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला उभं राहणार होतं!

मुलगा नोकरीनिमित्त गेली वीस वर्षं लेस्टरला असतो. गाव इंग्लंडात असलं तरी तिथे ढोकळा शहापूरपेक्षा चांगला मिळतो, असं सूनबाई सांगते. 2023च्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीला तिघंही आली. नातीला आम्ही छकुली म्हणतो. ती सतरा वर्षांची आणि माझ्यापेक्षा चार बोटं उंच होती, पण एकदा पडलेलं नाव उंची बघून बदलता येत नाही. तिची बॅग ओसरीवर चढवताना माझी कंबर धरली. उघडून बघतो तो आत कपडे थोडे आणि कागदच फार.

आपल्याकडे या दातांच्या डॉक्टरीचं काम सरळ आहे. 'नीट' नावाची परीक्षा द्यायची, 720 पैकी पडतील ते गुण पदरात घ्यायचे आणि यादीत आपलं नाव शोधत बसायचं. मुलाखतीची भानगड नाही. होणारा डॉक्टर हसरा आहे की तिरसट, हे कॉलेजला पाच वर्षांत आणि पेशंटला पाच मिनिटांत कळतं. इंग्लंडात तसं नाही. पंधरा ऑक्टोबरच्या आत अर्ज करायचा, तोही जास्तीत जास्त चार कॉलेजांना. त्याआधी बुद्धीची एक निराळी परीक्षा. आणि एवढ्यातून तरून मुलाखतीचं बोलावणं आलं, की खरं संकट सुरू. छकुलीला जानेवारीच्या मध्यावरचं बोलावणं आलं होतं.

मुलाखतीचा मला अनुभव आहे. भातसा प्रकल्पाच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो तेव्हा साहेबांनी विचारलं, "सायकल आहे का?" मी म्हटलं, "आहे." साहेब म्हणाले, "मग उद्यापासून या." तीस वर्षांची नोकरी मी त्या एका उत्तरावर केली. तेव्हा छकुलीला मी धीर दिला, "घाबरू नकोस. खरं काय ते सांगायचं आणि सायकल न्यायची."

"आजोबा, तसं नसतं. आठ स्टेशनं असतात."

स्टेशन म्हटल्यावर मी सावरून बसलो. हा माझा विषय. "आसनगाव, वाशिंद, खडवली, टिटवाळा, आंबिवली, शहाड, कल्याण ही झाली सात. ठाकुर्ली धरलं की आठ."

मग तिने मला नीट समजावून सांगितलं. ओळीने छोट्या छोट्या खोल्या. प्रत्येकीत एक परीक्षक. दाराबाहेर एका कागदावर प्रसंग लिहिलेला. मिनिटभरात तो वाचायचा, आत जायचं, पाच-सात मिनिटं काय बोलायचं ते बोलायचं आणि घंटा झाली की वाक्य अर्धं टाकून पुढच्या खोलीत शिरायचं. "म्हणजे लोकलच की," मी म्हटलं, "फक्त बसायला जागा मिळते." या गाडीचं कारशेड कॅनडात आहे. तिथल्या मॅकमास्टर विद्यापीठात ही पद्धत निघाली, 2004 साली तिची माहिती छापून आली आणि पुढे देशोदेशीच्या डॉक्टरी कॉलेजांनी ती उचलली.

पण माझे कान टवकारले ते पुढच्या वाक्याला. या आठांतल्या एखाददुसऱ्या खोलीत परीक्षकाच्या शेजारी चक्क एक नट बसलेला असतो! तो कधी घाबरलेला पेशंट होतो, कधी रागावलेला बाप, कधी रडणारी शेजारीण. उमेदवाराने आत जाऊन त्याच्याशी खरोखरीच्या माणसासारखं बोलायचं. याला म्हणतात 'रोल-प्ले'. नटाला पेशंट करण्याची ही युक्ती डॉ. हॉवर्ड बॅरोज नावाच्या अमेरिकन मेंदूतज्ज्ञाने 1963 साली लॉस एंजलिसला प्रथम काढली. तेव्हा लोकांनी त्याची टिंगल केली म्हणे. नाटकवाल्यांच्या नशिबात सुरुवातीला हे असायचंच.

"छकुले," मी म्हटलं, "तुला नट हवा ना? तो तुझ्यापुढे बसलाय."

हे उगीच नव्हतं. 1971च्या गणेशोत्सवात 'एकच प्याला'मधला तळीराम मी केला होता. आर्य मदिरा मंडळाच्या प्रवेशात मी असा काही झिंगलो, की नाटक संपल्यावर वडिलांनी मला विंगेत गाठून तोंडाचा वास घेतला. वास सुपारीचा आला. त्यांचा जीव भांड्यात पडला. पुढे माझ्या लग्नाच्या बोलणीत ते ठिकठिकाणी अभिमानाने सांगत, "पोराला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही." त्यांच्या वाक्यात खोट एवढीच, की ज्या गोष्टीचं व्यसन होतं, नेमकं तिचंच नाव त्यांनी घेतलं होतं. श्रीवर्धनची रोठा सुपारी, अडकित्त्याने बारीक कातरलेली, ही माझी एकुलती एक चैन. तीही साठीशांतीच्या दिवशी मी सर्वांसमक्ष सोडली. अडकित्ता हिने कपाटात बंद करून टाकला. मी तेव्हापासून चष्म्याचं घर खिशात बाळगतो. ते असो.

दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर तालमी सुरू झाल्या.

पहिला प्रवेश मांजराचा. इंग्लंडात हा प्रसंग फार लोकप्रिय आहे. तुमच्या गाडीखाली शेजारणीचं मांजर सापडलं. आता तिला ते सांगा. शेजारणीचं काम आमच्या मुरबाडच्या वहिनीकडे दिलं. वहिनी म्हशाची. म्हशाच्या जत्रेत बैलांचे सौदे बघत वाढलेली बाई, त्यामुळे समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायची तिला सवय नाही.

छकुली हळूच पुढे झाली. "मोठी आजी, मला तुम्हाला एक वाईट बातमी सांगायची आहे. तुम्ही बसता का?"

वहिनी उभ्या उभ्याच ओरडली, "कोण गेलं?"

"तुमचं मांजर."

"हात्तिच्या! मला वाटलं माणूस गेलं. बरं झालं, दुधाचं पातेलं तरी उघडं ठेवता येईल."

"मोठी आजी, तुम्ही रडायचं आहे."

"मांजरासाठी? मी सासऱ्यांसाठी रडले नाही." मग एकदम तिच्या लक्षात आलं. "अगं पण मांजर मारलंस तू! आता सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं. किती तोळ्यांचं ते तुझ्या बापाला विचार."

छकुलीने वहीत काहीतरी टिपून घेतलं. तिच्या बापाने त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वर्तमानपत्र तोंडासमोरून काढलं नाही.

दुसरा प्रवेश रागावलेल्या पेशंटचा. त्याला दवाखान्यात तासभर ताटकळत ठेवलंय आणि तो डॉक्टरच्या अंगावर धावून येतो. यासाठी शेजारचे नाना निवडले. पण नानांना राग येईना. जन्मभर निरनिराळ्या रांगांत उभा राहिलेला माणूस; तासाभरात नंबर लागणं हे त्यांना 'ताबडतोब' वाटत होतं. "डॉक्टर आहे तो, त्याला चार कामं असतात," असं म्हणून ते उलट छकुलीचीच समजूत घालू लागले. शेवटी मी त्यांच्या कानात एकच शब्द सांगितला, "पाणी."

नाना उसळले. तानसाचं धरण 1892 सालचं, तिथून त्यांनी सुरुवात केली. तेव्हापासून आमच्या तालुक्यातलं पाणी मुंबईला जातंय. पुढे भातसा झालं, त्याचंही जातंय. मुंबईत लोक त्यात गाड्या धुतायत आणि एप्रिल-मे उजाडला की आमच्या पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसतात! धरणं आमच्या उशाला आणि तहान आमच्या पायथ्याला! नाना बावीस मिनिटं बोलले. भातसा प्रकल्पाचा माजी कारकून या नात्याने मी मान खाली घालून ऐकत होतो. छकुली मात्र त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. ते दम घ्यायला थांबले तशी ती म्हणाली, "नाना आजोबा, तुमचा राग मला समजतो. इतकी वर्षं हे बघत राहायचं म्हणजे फार कठीण आहे."

नाना गप्प झाले. धोतराच्या सोग्याने त्यांनी चष्मा पुसला. "एवढ्या वर्षांत," ते म्हणाले, "असं कुणी म्हटलं नव्हतं." आणि त्यांनी चहा मागितला.

मला हे वाक्य जरा परकं वाटलं, खोटं कशाला बोला. आपल्याकडे 'तुमचं दुःख मला समजतं' असं तोंडाने कुणी म्हणत नाही. आपण चहा टाकतो. कुणाची नोकरी गेली, चहा. कुणाचा मुलगा नापास झाला, चहा. कुणी फारच रडायला लागलं तर चहात आलं. मी हे तिला सांगितलंही. ती म्हणाली, "पण त्या खोलीत गॅस नसतो, आजोबा."

माझ्याकडे दिग्दर्शन होतं. दर दोन मिनिटांनी मी तालीम थांबवून सूचना करी. "तू त्याला म्हण, उद्यापासून सकाळी लवकर ये. तू तिला म्हण, नवीन मांजर पाळ." छकुलीने दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आजोबा, मार्क सल्ल्याला नसतात. ऐकण्याला असतात. समोरच्याला विचारायचं, आणि मग गप्प बसायचं. तेच सगळ्यात कठीण आहे."

हे ऐकून मी हबकलोच. मी आयुष्यभर लोकांना सल्ले देत आलो. आमच्या आळीत निम्मी लग्नं आणि दोन घटस्फोट माझ्या सल्ल्याने झाले. या मापाने मला कुठल्याच स्टेशनावर कुणी उतरू दिलं नसतं.

चौथ्या दिवशी मी स्वतः रंगमंचावर उतरलो. ही बाजारात गेली होती, मुलगा आणि सूनबाई माहुलीच्या पायथ्याला फिरायला गेली होती. ओसरीवर मी आणि छकुली दोघंच. कागदावर लिहिलं होतं: 'रुग्ण वयस्कर आहे. दंतवैद्याकडे यायला घाबरतो. त्याच्याशी बोला.' बस, एवढंच. संवाद नाहीत, काही नाही. म्हटलं, उत्तम. कसलेल्या नटाला एवढं पुष्कळ.

मी आरामखुर्चीत बसलो. गालावर हात ठेवला. छकुली समोरच्या स्टुलावर बसली.

"काय त्रास होतोय तुम्हाला?"

"तिखट लागलं की तोंडात आग होते हो," मी कण्हत म्हणालो.

"कधीपासून?"

"झालं वर्षभर. पहिल्यांदा वाटलं मिरचीच बदलली. हल्ली बायको आमटी तिखटजाळ करते, रोज भांडण होतं."

"आणखी काही?"

"वडा पूर्वी दोन घासांत जायचा. आता मोडून मोडून खावा लागतो. जांभई आली की गालात ओढतं."

ती गप्प बसली. आता, रंगमंचावरची शांतता किती भयंकर असते हे नाटकात काम केलेल्यालाच ठाऊक. कुणीतरी वाक्य विसरलंय आणि ते आपणच आहोत असं वाटायला लागतं. मी ती जागा भरून काढली. "कुणाला दाखवलं नाही अजून. दाखवलं आणि भलतंच काही निघालं तर? आमच्या कचेरीतला एक जण असाच गेला. त्यालाही पहिल्यांदा आगच होत होती."

ती अजून गप्पच. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मग ती अगदी हळू म्हणाली, "आजोबा, तुम्ही अभिनय करत नाही आहात."

"छे, छे! तळीरामाच्या वेळीही लोकांना असंच वाटलं होतं."

"आजोबा, जरा 'आ' करा."

मी 'आ' केला. तिने माझीच तीन बोटं मला उभी धरायला लावली आणि तोंडात घालायला सांगितली. साधारणपणे ज्याची त्याची तीन बोटं ज्याच्या त्याच्या तोंडात बसतात म्हणे. माझी दोन गेली. तिसरं दारातच अडलं.

"माझी बोटं जाड आहेत," मी म्हटलं.

"तोंडही तुमचंच आहे, आजोबा."

तिने मोबाइलची बॅटरी लावून आत पाहिलं. उन्हाळ्यात ती लेस्टरच्या एका दंतवैद्याकडे आठवडाभर बसून काम बघत होती. तिथे आयुष्यभर सुपारी चघळलेले दोन-तीन गुजराती आजोबा यायचे. गालाच्या आतून कातडी पांढुरकी पडलेली, ताठ झालेली, तोंड उघडेना. तिने बॅटरी बंद केली आणि विचारलं, "तुम्ही सुपारी खाता का?"

माझा हात आपोआप खिशातल्या चष्म्याच्या घरावर गेला. तिने तो पाहिला. आता ती रागावेल, असं मी धरून चाललो होतो. रागावणाऱ्याला गप्प कसं करायचं हे मला येतं; मी मोठा आहे, ती लहान आहे, संपलं. पण ती रागावलीच नाही. तिने एवढंच विचारलं, "भीती नक्की कशाची वाटते?"

बाहत्तर वर्षांच्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. त्याचं उत्तर येतं. मला मरणाची भीती वाटत होती, पण त्याहून जास्त हिला सांगायची वाटत होती. बारा वर्षं चष्म्याच्या घरात लपवलेली गोष्ट, आणि ती काढायची कधी, तर असं काही झाल्यावर!

"आजीला सांगू नकोस," मी म्हटलं.

तिथल्या दंतवैद्यांची जनरल डेंटल कौन्सिल नावाची संस्था आहे. तिने दंतवैद्यांसाठी नऊ तत्त्वं घालून दिली आहेत आणि छकुलीने ती मुलाखतीसाठी पाठ केली होती. रुग्णाची गोष्ट बाहेर फोडू नये, हे चौथं. "मी नाही सांगणार," ती म्हणाली. "पण तुम्ही सांगा. हवी तर तालीम घेऊ."

आणि मग एक नवल घडलं. छकुली 'ही' झाली. हिचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून, मांडीवर सूप घेऊन ती तांदूळ निवडायला बसली. मी दारातून प्रवेश केला.

पहिल्या खेपेला मी थंडी किती पडलीय यावर बोललो. घंटा झाली. दुसऱ्या खेपेला सगळा दोष मिरचीला दिला. तिसऱ्या खेपेला म्हटलं, "डॉक्टरकडे सहज एकदा जाऊन यावं म्हणतो." 'ही' चष्म्यावरून बघत म्हणाली, "सहज कुणी दातांच्या डॉक्टरकडे जातं?" अगदी हिचाच आवाज. पोरीत आमचं रक्त आहे. चौथ्या खेपेला माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून मी खरं ते सांगितलं.

त्याच रात्री, जेवणं झाल्यावर, मी स्वयंपाकघरात गेलो. ही खरोखरच तांदूळ निवडत होती. तालमीतलं एकही वाक्य आठवेना. मी खिशातून चष्म्याचं घर काढलं आणि उघडून सुपात ठेवलं.

हिने त्याच्याकडे पाहिलं. मग एक खडा उचलून बाजूला टाकला. "चष्मा नाकावर असताना माणूस त्याचं घर खिशात कशाला घेऊन फिरतो," ती म्हणाली, "हे न कळायला मी काय वेडी आहे?"

"तुला माहीत होतं?"

"मला बघायला आलात तेव्हाच उठताना तुमच्या खिशातून खांड पडलं होतं. मामंजी म्हणत होते, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, आणि ते खांड माझ्या पायाशी! मी पाऊल ठेवलं त्यावर." तिने सूप खाली ठेवलं. "आणि आमटीत तिखट मी गेले सहा महिने निम्मंच घालतेय. तरी तुम्ही म्हणता तिखट झाली. तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही 'काही नाही' म्हटलं असतं. आणि एकदा म्हटलंत की तेच धरून बसता. तुम्ही तोंड कधी उघडताय, याचीच वाट बघत होते."

तिने डोळ्यांना पदर लावला आणि चहा टाकला. आलं घालून.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. शहापुरातल्या दंतवैद्याने बघितलं आणि मुंबईला सरकारी दंत महाविद्यालयात जायला सांगितलं. ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या जवळच आहे. आसनगावला लोकलमध्ये बसलं की शेवटी उतरायचं. मधल्या स्टेशनांवर आम्ही दोघं काही बोललो नाही. ठाकुर्लीला हिने माझा हात धरला, तो कुर्ल्याला सोडला, कारण तिथे गर्दी फार. तिथे गालातला एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रोगाचं नाव 'सबम्यूकस फायब्रोसिस'. सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू दोरखंडासारखी ताठ होत जाते, आणि काहींच्या बाबतीत पुढे तिथेच कर्करोग होतो. मला आपलं वाटायचं, तंबाखू नाही ना, मग झालं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 सालच्या ग्रंथात नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करणारी म्हणून नोंदलेली आहे. म्हणजे आपण ज्याला व्यसनात जमाच धरत नाही, ते खांड तिकडे पहिल्या वर्गात बसलं होतं!

छकुली परत गेली. मुलाखतीच्या दिवशी रात्री तिचा फोन आला.

"काय आलं होतं? मांजर?"

"सांगायचं नसतं, आजोबा. सही घेतलीय त्यांनी." चौथं तत्त्व आता आमच्या घरातही शिरलं होतं. "एवढंच सांगते, एका स्टेशनावर मी मध्येच गप्प बसले. फार भीती वाटली, पण बसले. मग ती बाई आपणहून बोलायला लागली." आणि लगेच, "तुमचा रिपोर्ट आला?"

'आला, काही नाही निघालं,' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पोरीला आज आनंदात झोपू द्यावं, असा उदात्त विचारही त्यामागे होता. तळीरामाने ते फार सुंदर म्हटलं असतं. पण मी म्हटलं, "नाही आला. झोप लागत नाही."

तिकडून उत्तर आलं नाही. लेस्टरमध्ये ती गप्प आणि शहापुरात मी गप्प. फोन व्हॉट्सअॅपचा होता, पैसे पडत नव्हते. पण पडत असते तरी त्या मिनिटाचे मी खुशीने भरले असते.

रिपोर्ट नंतर चार दिवसांनी आला. कर्करोग नव्हता. मात्र सुपारी कायमची बंद, दर काही महिन्यांनी जाऊन दाखवायचं, आणि ताठ झालेली कातडी पूर्वीसारखी होईल ही आशा सोडायची. आहे ते वाढू द्यायचं नाही, एवढंच हातात. त्यासाठी व्यायाम दिलाय. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवत न्यायची. चौदावर सुरुवात केली होती. सध्या सतरावर आहे. आळीतली पोरं स्वतः खाल्लेल्या कुल्फीच्या काड्या मला आणून देतात; त्या मी मायेने घेतो आणि ही मायेने फेकून देते. आमच्यासाठी तिने बाजारातून नवी जुडी आणलीय. अडकित्ता कपाटातून काढून तिने नानांच्या नातवाला शाळेच्या प्रदर्शनासाठी दिला. त्याच्यापुढे पाटी होती: 'जुन्या काळातील वस्तू'.

2024च्या ऑगस्टात छकुलीचा निकाल लागला आणि तिला प्रवेश मिळाला. वहिनीने मुरबाडहून पेढे पाठवले आणि निरोप पाठवला, की सोन्याच्या मांजराचं विसरू नका. डॉक्टर व्हायला पाच वर्षं लागतात. तोपर्यंत आमच्या घराण्याची पेशंटची गादी मी चालवतोय. छकुली दर रविवारी फोन करते आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आजोबा, किती काड्या?"

परवा मी झोकात म्हटलं, "एकोणीस!"

तिकडून काहीच आवाज आला नाही. मी थांबलो. तीही थांबली.

"सतरा," मी म्हटलं.